लाल बाण

स्वराली: ...बासष्ट हजार सहाशे, आजोबा! सकाळी दात घासताना नऊ हजार होते. आपल्या पानिपतच्या व्हिडिओला सगळे मिळून चारशे व्ह्यूज आले होते, आठवतंय ना?

आजोबा: हरलेल्या लढाया कोण बघतंय?

स्वराली: तसं नाहीये हो. तेव्हा बाण नव्हता! मी कधीपासून सांगत होते, फोटोवर लाल बाण काढू, लाल गोल काढू. तुम्ही म्हणालात, हा इतिहास आहे, सर्कस नाही.

आजोबा: आणि आता झाली की सर्कस.

स्वराली: आता सुपरहिट झाली, यार!

आजोबा: आजोबाला यार म्हणतेस?

स्वराली: चंडीगडमध्ये सगळे यारच असतात. आमच्या प्रिन्सिपल मॅमसुद्धा शिपायाला यार म्हणतात. बरं, ऐका, मी काय म्हणते, आजच दुसरा भाग टाकू. लोहा गरम आहे.

आजोबा: लोखंड. आणि मराठीत तवा तापतो, पोळी भाजून घेतात.

स्वराली: तेच ते. भाजून घेऊ ना!

आजोबा: आधी मी काल काय बोललो ते वाच बघू. शेवटचा परिच्छेद. काल बोलायच्या भरात पुढं गेलो असेन तर कळलं पाहिजे.

स्वराली: तुम्ही कुठे पुढं गेलात, मध्येच विमान आलं म्हणून तीनदा थांबलात. हां, ऐका. 'ज्या धर्माचं नाव घेऊन गेल्या वर्षी आपल्या पुण्या-डोंबिवलीच्या माणसांना त्यांच्या बायकांच्या डोळ्यांदेखत मारलं, त्याच धर्माच्या प्रार्थनेत भारतीय सैन्याच्या अधिकाऱ्यानं गुडघे टेकावेत? हा आदेश आहे, की भीती? आणि एकाही वाहिनीला हे दाखवावंसं वाटू नये?' इथे तुमचा आवाज असला भारी झालाय ना, माझ्या अंगावर काटा आला. पक्का.

आजोबा: यातला शब्दही मागे घ्यायची गरज नाही. इंग्रजी पेपर मारेकऱ्यांना 'बंदूकधारी' म्हणतात. आणि आपले ओरडणारे टीव्हीवाले? युद्धाचे सायरन वाजले त्या दिवशी त्यांच्या पडद्यावर हे शहर पेटलं होतं, आणि आपण याच बाल्कनीत अंधारात काकडी खात बसलो होतो. एक लपवतो, दुसरा रचून सांगतो. म्हणून तर म्हाताऱ्याला हा उद्योग करावा लागतो.

स्वराली: हेच! हेच दुसऱ्या भागात बोला. काकडीसकट. अरे, आई आली! आई, झालं का तुझ्या उंदरांना खायला घालून? रविवारीसुद्धा लॅबमध्ये जाणारी तू एकटीच असशील अख्ख्या नॉलेज सिटीत. तुला माहितीये का, बासष्ट हजार—

विनया: माहितीये. कश्मिरानं दाखवला.

आजोबा: कोण कश्मिरा?

विनया: आमच्या लॅबमधली, नागपूरची. म्हणाली, तुझे वडील काय सडेतोड बोलतात गं! तिला फार आवडला. स्वरू, तो फोटो कुठून आणलास?

स्वराली: मी नाही, आजोबांच्या ग्रुपवर आला. मिरजेच्या श्यामसुंदर आजोबांनी पाठवला.

विनया: त्यांना कुणी पाठवला?

आजोबा: ते त्याला विचार. अगं, सगळीकडे फिरतोय तो. खाली लिहिलंय की, 'कर्नलला नमाजाला बसवलं'.

विनया: स्वरू, फोटो मोठा कर. चेहऱ्याकडे बघू नकोस, तो पुसलाय कुणीतरी. तू जिथं बाण काढलास त्याचे पाय बघ.

स्वराली: पाय? सगळे बसलेत ना पायांवर. मागून दिसतात. बूट नाहीत. मोजे आहेत. हिरवे. हिरव्यावर पिवळे ठिपके.

विनया: अजून मोठा कर.

स्वराली: ठिपके नाहीत. ते... नाही. आई, नाही ना?

आजोबा: काय झालं?

स्वराली: बदकं आहेत, आजोबा.

आजोबा: कसली बदकं?

स्वराली: पण तसले मोजे शास्त्री मार्केटात ढिगानं मिळतात! शंभराला तीन! मीच घेतले ना बाबाच्या वाढदिवसाला. मजा म्हणून. तो म्हणाला, बुटात कोण बघतंय, घालीन की. दुसरं कुणी घेतले नसतील कशावरून?

विनया: डाव्या टाचेला बघ. तिथं भोक पडलं होतं. सुट्टी संपवून निघाला त्या सकाळी मी रफू करून दिलं. हिरवा दोरा सापडेना, म्हणून जांभळा घेतला.

स्वराली: थांब, टाच मोठी करते.

विनया: आहे ना जांभळा?

स्वराली: आहे.

आजोबा: कुणाचे मोजे? मला कुणी नीट सांगेल का?

विनया: तुमच्या जावयाचे, अण्णा. तुम्ही काल ज्याला विचारलंत, आदेश होता की भीती, तो नरेश आहे.

आजोबा: नरेशराव?

विनया: हो.

आजोबा: म्हणजे नरेशरावांवर जबरदस्ती झाली? एवढ्या मोठ्या माणसावर? बघ, मी म्हणत होतो—

विनया: कुणी जबरदस्ती केली नाही. तो त्या पलटणीचा साहेब आहे. चार कंपन्या आहेत, त्यातली एक मुस्लिम मुलांची. ज्या दिवशी पलटणीचा ताबा घेतला त्या दिवशी चौघींचे सण त्याचे झाले. जन्माष्टमीला मंदिरात यजमान तोच. रमजानात जुम्म्याच्या नमाजाला पहिल्या रांगेत तोच. पहिला आणि शेवटचा रोजासुद्धा धरतो.

आजोबा: हे कुणी ठरवलं? कोणतं सरकार?

विनया: सरकार नाही. त्याच्या आधीच्या साहेबानं केलं, त्याच्या आधीच्यानं केलं. इंग्रज असल्यापासून चालत आलंय. परंपरा मोडू नये, हे तुम्हीच शिकवलंत ना आम्हाला?

आजोबा: हे लिहिलंय कुठं?

विनया: सत्यनारायणाला बायकोनं कुठल्या बाजूला बसायचं, हे कुठं लिहिलंय? पण चुकीच्या बाजूला बसलं की भटजी उठवतात.

स्वराली: मला माहीत होतं. आई, मला माहीत होतं! मी लहानपणी तिथे शेवया खाल्ल्यात. पहिलीत होते तेव्हा मौलवीसाहेबांनी मला खजूर दिले होते, आणि बाबाच्या डोक्यावर टोपी होती, आणि मी हसले होते. हे सगळं माझ्या डोक्यात होतं, आणि तरी मी बाण काढला. असं कसं होतं गं?

विनया: कळत नाही मला.

आजोबा: तू मला का नाही सांगितलंस? सतरा वर्षं झाली लग्नाला.

विनया: तुम्ही आणि आई आमच्याकडे कॅन्टोन्मेंटमध्ये आला होतात, स्वरू एक वर्षाची असताना, आठवतंय? नागपंचमीला आईनं पुरणाची दिंडं केली होती.

आजोबा: आठवतंय की. आणि जावयानं एकाला हात लावला नाही. तुझी आई रात्रभर कुढली. मी म्हटलं, साहेब झालेत, त्यांना आपलं चालत नाही.

विनया: रमजान होता, अण्णा. तेव्हा तो त्या कंपनीचाच साहेब होता, महिनाभर मुलांबरोबर रोजे धरले होते त्यानं. अंधार पडल्यावर स्वयंपाकघरात उभ्यानं सहा दिंडं खाल्ली. मी तुम्हाला म्हणाले, पोट बिघडलंय.

आजोबा: का खोटं बोललीस?

विनया: सोपं होतं.

आजोबा: म्हणजे मी असा माणूस आहे?

विनया: आता त्यावर मी काय बोलू? बासष्ट हजार माणसांनी ऐकलंय तुम्ही कसे आहात ते.

स्वराली: आई! असं नको ना बोलू.

आजोबा: बोलू दे. विनया, पण एक सांग. त्या पर्यटकांना धर्म विचारून मारलं, हे खोटं आहे?

विनया: नाही.

आजोबा: ते मी बोलायचं नाही?

विनया: बोला. रोज बोला. त्या दिवशी मी रडत नव्हते का? नरेश तिकडे त्याच लोकांच्या मागावर बसलाय, अण्णा, आणि ती टोपीवाली मुलंही त्यांच्याच मागावर बसलीत. त्याच रांगेतली. गेल्या मे महिन्यात त्या कंपनीतला एक मुलगा गेला. बावीस वर्षांचा. नरेश त्याच्या गावी गेला होता, खांदा द्यायला.

आजोबा: मला माहीत आहे. मी त्याच्यावर व्हिडिओ केला होता. 'जावयाच्या पलटणीतला शहीद' म्हणून. बोलताना रडलो होतो मी.

विनया: नाव घेतलं होतंत?

आजोबा: नाव मला कुणी सांगितलंच नव्हतं.

विनया: मीच सांगितलं नव्हतं.

आजोबा: का?

विनया: तुम्ही इतकं मनापासून रडत होतात. मला भीती वाटली, नाव सांगितलं तर थांबाल.

आजोबा: ...काय होतं नाव?

विनया: साजिद.

स्वराली: आजोबा, पाणी देऊ?

आजोबा: नको. तीस वर्षं मी पोरांना शिकवलं, अस्सल साधन कुठलं, दुय्यम कुठलं, ते पारखून घ्या. पत्र कुणी लिहिलं, कुणाला, कधी, ते आधी बघा. आणि श्यामसुंदरनं पाठवलं ते मी चष्मासुद्धा न लावता...

स्वराली: चष्मा होता तुमच्या डोळ्यावर.

आजोबा: मग अजूनच वाईट.

विनया: आणि अजून एक सांगते. तोच फोटो एका इंग्रजी पोर्टलवरही आहे. ते नरेशला डोक्यावर घेऊन नाचताहेत. 'पाहा, हा खरा भारत, आता धर्मांधांना उत्तर द्या' वगैरे. एकीचा फोनही आला होता मला, सैनिकांच्या बायकांच्या मुलाखती हव्यात म्हणून; हा माझाच नवरा, हे तिला ठाऊक नव्हतं. मी ठेवून दिला.

स्वराली: का? त्या तर बाबाच्या बाजूनं आहेत ना?

विनया: बाबाच्या बाजूनं कुणीच नाही. एकाला टोपी टोचते, दुसऱ्याला टोपी मिरवायची असते. टोपीखालचा माणूस दोघांनाही नको.

स्वराली: मग मी कुणाच्या बाजूनं उभी राहू? सकाळपर्यंत मला सगळं कळत होतं. खरंच सांगते, आयुष्यात पहिल्यांदा मला सगळं कळतंय असं वाटत होतं. वर्गात मुली म्हणत होत्या, तू काय बोलतेस यार! आता आजोबांचं बरोबर वाटतं, तुझंही बरोबर वाटतं, आणि दोन्ही एकत्र डोक्यात मावत नाही.

आजोबा: स्वरू, कॅमेरा लाव.

स्वराली: आता?

आजोबा: आत्ता. मी चूक केली, मीच निस्तरणार. सांगतो सगळ्यांना, हा माझा जावई आहे, मला त्याचा अभिमान आहे. आणि पलटणीची ही शंभर वर्षांची रीत आहे, ती मला ठाऊक नव्हती.

विनया: नाही.

आजोबा: का नाही? माफीसुद्धा मागू देणार नाहीस?

विनया: माफी मागा, पण तो कोण आहे हे सांगायचं नाही. चेहरा पुसलाय म्हणून अजून कुणाला कळलेलं नाही, कोणती पलटण, कुठं आहे. तुम्ही जावई म्हणालात की नाव आलं. नाव आलं की ठिकाण आलं. तिकडे आधीच विचारणा सुरू असेल, फोटो बाहेर गेला कसा म्हणून.

आजोबा: मग काय सांगू? 'माझं चुकलं, पण कसं ते सांगणार नाही'? बासष्ट हजार म्हणतील, म्हाताऱ्याला कुणीतरी दम दिला.

स्वराली: तसंच म्हणतील. मीसुद्धा तसंच म्हटलं असतं.

विनया: मग काहीच म्हणू नका. काढून टाका. साडेतीन झालेत, चार वाजता नरेशचा फोन येईल. त्याआधी काढा.

स्वराली: काढलं तरी लोकांनी डाउनलोड केलाय, आई. तो सगळीकडे आहे आता. माझा बाणसुद्धा. श्यामसुंदर आजोबांच्या ग्रुपवर तोच फोटो परत आलाय, माझ्या बाणासकट.

विनया: असू दे. निदान आपल्या घरातून तरी जाऊ दे.

स्वराली: आजोबा? काढू?

आजोबा: मला विचारू नकोस. तुझी आई सांगते ते कर.

स्वराली: चॅनेल तुमचं आहे. तुम्ही म्हणा.

आजोबा: ...काढ.

स्वराली: काढला. गेला. किती पटकन जातं ना? एवढा वेळ लागला होता करायला.

विनया: आता नरेशला मी सांगते. तुम्ही दोघं आत जा.

स्वराली: नाही. मी सांगणार. बाण माझा आहे.

विनया: स्वरू, तो आधीच ताणात असेल.

स्वराली: म्हणून तर. त्याला तुझ्याकडून कळलं तर तो म्हणेल, लहान आहे, जाऊ दे. मला ते 'लहान आहे, जाऊ दे' नकोय.

(फोन वाजतो.)

स्वराली: स्पीकर नाही लावत. गप्प बसा दोघं. हॅलो, बाबा? हो, मीच. ऐक, तू काही बोलायच्या आधी मला बोलू दे. तो व्हिडिओ... तू बघितलास? कधी? ...बाबा, त्यातला बाण मी काढला. हो, लाल. गोलसुद्धा मीच. तुझे मोजे मला दिसले नाहीत. सॉरी. खूप सॉरी. ...हसतोस काय? बाबा, रडतेय मी आणि तू हसतोयस!

आजोबा: काय म्हणतोय?

स्वराली: म्हणतोय, शत्रूला सापडला नाही तो पोरीला सापडला. ...काय? कुणी? ...हॅलो? आवाज तुटतोय, परत सांग. ...सगळ्यांनी? ...पण का? ...अरे देवा.

विनया: काय झालं? विचारणा आली का वरून?

स्वराली: आली आहे, पण ते तो बघेल म्हणतोय. ते नाही. आई, बाबानं आजोबांचं चॅनेल अख्ख्या पलटणीला दाखवलं होतं. पानिपतचा व्हिडिओ आला तेव्हा. 'मेरे ससुरजी मास्टरजी हैं' म्हणून. सगळ्यांनी सबस्क्राइब केलंय. त्या कंपनीतल्या मुलांनीपण.

आजोबा: त्यांनी काल माझं ऐकलं?

स्वराली: ऐकलं. पण त्यांना मराठी कुठे येतं? कुणी राजस्थानचा, कुणी यूपीचा. त्यांनी आपला नमाजाचा फोटो बघितला, साहेबावर मोठ्ठा लाल बाण बघितला, वर तुम्ही सांगितलं म्हणून मी लिहिलं होतं, 'बघा, आपलं सैन्य!' तुम्ही तावातावानं बोलताय ते बघितलं. त्यांना वाटलं...

आजोबा: काय वाटलं?

स्वराली: त्यांना वाटलं, बाबूजी आपलं कौतुक करताहेत. कालपासून एकमेकांना दाखवताहेत. एकानं गावी आईला पाठवला. मौलवीसाहेब म्हणाले, इतक्या लांब बसलेल्या बुजुर्गानं आमची आठवण ठेवली.

विनया: अण्णा, बसा. बसा खाली.

स्वराली: हां, बाबा, आहे मी. बोल. ...हो, आत्ता काढला. अर्ध्या तासापूर्वी. ...त्यांना कळलं? इतक्यात?

विनया: काय म्हणतोय?

स्वराली: व्हिडिओ गेला म्हणून मुलं विचारायला आली होती. 'साब, बाबूजी नाराज हो गये क्या? हमसे कोई गलती हुई?' आणि विचारताहेत, बाबूजी नक्की काय बोलले? साहेब, भाषांतर करून सांगा ना. बाबानं सांगितलंय, रोजा सुटल्यावर सांगतो.

आजोबा: त्यानं ऐकलंय मी काय बोललो ते?

स्वराली: पूर्ण ऐकलंय. ...हो बाबा, विचारते. आजोबा, बाबा म्हणतोय, मी त्यांना काय सांगू? तुम्ही म्हणाल तेच सांगेन. माझ्या मनचं काही घालणार नाही.

विनया: सांगावं, कौतुक केलं म्हणून. विषय संपला.

आजोबा: विनया, काल साऱ्या पेपरवाल्यांना मी ज्यावरून झोडलं ते हेच की. माणूस बोलतो एक, हे छापतात दुसरं. आता माझंच भाषांतर गोड करून वाढायचं?

विनया: मग खरं सांगा. ज्यांच्या रांगेतल्या मुलासाठी तुम्ही रडलात, त्यांना सांगा, तुमच्याशेजारी आमच्या माणसानं गुडघे टेकले म्हणून मला किळस आली.

आजोबा: किळस नव्हती गं.

विनया: मग काय होतं?

आजोबा: तेच मला सांगता येत नाहीये.

स्वराली: बाबा, एक मिनिट हं. ठेवू नकोस. आजोबा विचार करताहेत. ...माहितीये, तुझ्या मागे रांग असेल फोनला. एकच मिनिट. आजोबा, बोला ना काहीतरी. हवं तर तुम्ही बोला त्याच्याशी, घ्या.

आजोबा: नको. तूच बोल. त्याला म्हणावं, मुलांकडून काही चूक झाली नाही, एवढं आत्ताच्या आत्ता जाऊन सांग.

स्वराली: सांगितलं. तो विचारतोय, आणि बाकीचं?

आजोबा: बाकीचं... रोजा सुटल्यावर म्हणाला ना?

स्वराली: हो.

आजोबा: मग विचार त्याला, तिकडे सूर्य किती वाजता मावळतो.